एकाने ओतायचं, एकाने म्हणायचं

बाल्कनीत आई वाळलेले कपडे काढत होती. दोन्ही हातांत चादर होती आणि तोंडात चार चिमटे. मागचं दार उघडलं आणि सात वर्षांची मोठी मुलगी उंबरठ्यावर येऊन उभी राहिली.

"आई, काळजी करू नकोस. गोळ्याचा बाप्तिस्मा झाला."

तोंडात चिमटे असताना माणसाला फार काही बोलता येत नाही. आईने ते एकेक करून काढले, पिशवीत टाकले, चादर खांद्यावर घेतली आणि मग विचारलं, "कोणाचा काय झाला?"

"गोळ्याचा. तो निळा पडला होता. आता बरा आहे."

'निळा' हा शब्द ऐकल्यावर चादर तिथेच पडली. आई धावत हॉलमध्ये आली. सतरंजीवर तिच्या नणंदेचा तीन महिन्यांचा मुलगा मजेत स्वतःची मूठ चोखत पडला होता. त्याच्या डोक्याखाली केक भाजायचं पसरट भांडं होतं, भांड्यात बोटभर पाणी होतं, आणि डोक्यावरून थेंब गळत होते. शेजारी पाच वर्षांचा धाकटा गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या हातात स्वयंपाकघरातला मापाचा कप होता.

"मी तर पुसलं होतं डोकं," मोठी म्हणाली. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आई बाळाचा श्वास मोजत होती. मिनिटाला अडतीस. रंग गुलाबी. तक्रार काही नाही.

"निळा कधी पडला होता?"

"आधी उचकी लागली. मग तो रडला. मग रडता रडता आवाजच बंद झाला आणि तोंड उघडंच राहिलं. ओठ निळे झाले. तू सांगितलेली तिन्ही लक्षणं होती," मोठी म्हणाली. "म्हणून आम्ही वेळ घालवला नाही."

लक्षणं आईनेच सांगितली होती, हे खरं होतं. चर्चच्या ज्या खोलीत मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा, त्या खोलीचं छत दुरुस्तीला काढलं होतं. फादरांनी मिस्सानंतर, म्हणजे रविवारची प्रार्थना झाल्यावर, जाहीर केलं, की दोन महिने आईवडिलांनीच मुलांना घरी शिकवावं. प्रत्येक घरात पुस्तक आहे, रोज वीस मिनिटं पुरेत. बाकीच्या आयांनी मान हलवली आणि पुस्तक कपाटावर ठेवलं. या आईने मात्र वेळापत्रक केलं.

ती वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुकानातले, दवाखान्यातले, पोस्टातले काटे तिच्या टेबलावर यायचे आणि खरे ठरले तर शिक्का घेऊन परत जायचे. 'साधारण' आणि 'जवळपास' हे शब्द तिला सहन होत नसत. त्यामुळे बाप्तिस्म्याचा धडा आला तेव्हा पुस्तकातली सहा ओळींची माहिती तिला तोकडी वाटली. तिने चौकशी केली, आणखी दोन पुस्तकं आणली आणि मुलांना सगळं रीतसर सांगितलं. पाणी साधं हवं. ते डोक्यावरून वाहायला हवं, नुसतं शिंपडून भागत नाही. तीनदा ओतायचं. शब्द ठरलेलेच, एकही गाळायचा नाही. एरवी हे काम फादरांचं. पण जीव धोक्यात असेल तर कोणीही माणूस ते करू शकतो.

"कोणीही म्हणजे मीसुद्धा?" मोठीने विचारलं होतं.

"तूसुद्धा."

"आणि जीव धोक्यात आहे हे कळणार कसं?"

आता एखादी दुसरी आई म्हणाली असती, मोठी झालीस की कळेल. या आईने तीन लक्षणं सांगितली. मग बाहुली आणून स्वयंपाकघरात प्रात्यक्षिक घेतलं. त्या प्रात्यक्षिकाचं फळ आता सतरंजीवर पडून मूठ चोखत होतं.

आईने बाळाचं डोकं खसाखसा पुसलं, पण त्याच्या आईला यायला दहाच मिनिटं होती. ती आली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, धापा टाकत. येत्या रविवारी गोळ्याचा बाप्तिस्मा होता आणि त्याची सगळी खरेदी तिने एका दिवसात उरकली होती.

"वहिनी, त्रास नाही ना दिला याने? अगंबाई, याचे केस का ओले?"

"घाम," आई म्हणाली. "उकडतंय ना फार."

मोठीने आईकडे पाहिलं. "आठवी आज्ञा," ती हळूच म्हणाली.

"कसली आज्ञा गं?" आत्याने विचारलं.

"खोटी साक्ष द्यायची नाही. आत्या, तो घाम नाहीये. आम्ही त्याचा बाप्तिस्मा केला."

आत्या खळखळून हसली. "खेळत होतात होय! बघ ना वहिनी, किती गोड."

"खेळ नाही," मोठी गंभीरपणे म्हणाली. "खेळ असता तर लागू झाला नसता. आम्ही खरा केला. आता रविवारी करता येणार नाही. एकदाच होतो तो. पुसता पण येत नाही. हो ना, आई?"

आईच्या जागी दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, चल, काहीतरीच. पण आईला हा प्रश्न शास्त्रीय वाटला. ती दोन क्षण गप्प राहिली, आणि त्या दोन क्षणांनी घात केला. आत्याच्या हातातल्या पिशव्या खाली आल्या.

"वहिनी, तू गप्प का?"

"नाही, म्हणजे... तत्त्वतः..."

"तत्त्वतः काय?"

"शिक्का असलेल्या वजनावर परत शिक्का मारत नाहीत," आई म्हणाली. हे बोलायला नको होतं हे तिला बोलल्यावर कळलं.

त्यानंतर आत्या जे बोलली त्याला मध्ये श्वासाची जागा नव्हती. साठ माणसांना बोलावलंय. फोटोवाला ठरलाय. आजीने दीड महिना बसून पांढरा झगा विणलाय, डोळ्यांत थेंब घालून घालून. आणि नाव! बाळाचं नाव तिने जन्मापासून कोणाला सांगितलं नव्हतं, नवरा सोडून. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर जाहीर करायचं होतं. तोवर सगळे आपले गोळा म्हणत होते.

एवढ्यात तिला काहीतरी सुचलं आणि तिने मोठीकडे पाहिलं. "बाप्तिस्मा केलास तर नाव काय घेतलंस?"

"गोळा."

"गोळा?"

"तू खरं नाव सांगतच नाहीस," मोठी म्हणाली. "मी काय करू?"

आत्या मटकन सोफ्यावर बसली. "माझ्या मुलाचं नाव चर्चच्या वहीत गोळा लागणार." मग तिने आईकडे मान वळवली. आवाज एकदम खाली आला, आणि तेच जास्त वाईट होतं. "धर्ममाता म्हणून माझी मैत्रीण तयार होती. मी म्हटलं नाही, माझी वहिनीच. सगळे म्हणाले, अगं ती कायम चुका काढते. तरी मी तुझंच नाव दिलं. छान फेड केलीस."

आईने खालच्या पिशव्या उचलून टेबलावर ठेवल्या. नणंदेशी तिचं भांडण नव्हतं, पण फार गोडीही नव्हती. बाळाला हातावर घेऊन उभं राहायला तिने आपल्याला बोलावलं, याचा आईला झालेला आनंद तिने कोणाला दाखवला नव्हता. रविवारसाठी घेतलेली निळी साडी तिने तीनदा नेसून पाहिली होती. आणि आता रविवारच उरला नव्हता.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. त्यांनी सगळं ऐकलं, चहा घेतला आणि निकाल दिला. "एवढंच ना? रविवारी परत करायचा. दोन भांडी पाणी जास्त पडलं तर काय बिघडतं?"

"असं चालत नाही, बाबा," मोठी म्हणाली. "मी रविवारी फादरांना सांगणार."

"तू काही सांगणार नाहीस."

"फादरांशी खोटं बोलू?"

बाबांनी आईकडे पाहिलं. "काय शिकवून ठेवलंयस गं तू यांना?"

"जे पुस्तकात आहे ते!" आई ओरडली. "रोज वीस मिनिटं! तुम्ही सगळे आरामात बसता आणि मी एकटी शिकवते, आणि मीच वाईट!"

शुक्रवारी चार वाजता सगळे चर्चच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. दोन लोखंडी कपाटं, एक झाकण मोडलेलं झेरॉक्स मशीन, एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी होती. छताच्या दुरुस्तीचा ठोकठोक आवाज शेजारून येत होता. फादर साठीच्या पुढचे होते आणि त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी आत्याचं सगळं ऐकून घेतलं, बाळाचा गाल ओढला, नाक पुसलं आणि मोठीला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"बाळ, घाबरू नकोस. मला सांग, पाणी कसलं होतं?"

"नळाचं. गाळलेलं."

"शिंपडलंत की ओतलंत?"

"ओतलं. मापाच्या कपाने. पन्नास मिलीलिटर, तीनदा. कपाळावरून मागे वाहिलं. खाली भांडं ठेवलं होतं, जमीन ओली होऊ नये म्हणून."

फादरांनी भुवया उंचावून आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर पाहत होती.

"आणि शब्द?"

"गोळ्या, मी पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तुझा बाप्तिस्मा करते."

"बरोब्बर," फादर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "गंमत म्हणून केलंत का?"

"नाही, फादर. चर्च जे करतं तेच करायचं होतं."

हे वाक्य ऐकून फादरांनी चष्मा काढला. "हे तुला कोणी शिकवलं?"

"आईने."

"जीव धोक्यात नव्हता तिथे करायला नको होता," फादर आत्याकडे वळून म्हणाले, "पण केला तर तो होतो. पाणी आहे, शब्द आहेत, हेतू आहे. आता कसं सांगू तुम्हाला... मी रविवारी तेल लावू शकतो, झगा घालू शकतो, मेणबत्ती देऊ शकतो. फक्त पाणी..."

"पाण्याशिवाय बाप्तिस्मा?" आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "फादर, फोटोवाला काय फक्त मेणबत्तीचे फोटो काढणार?"

"आणि धर्ममातेने बाळाला धरायचं असतं, ते?" आईने विचारलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवूनही शेवटी जरा चिरकला. आत्याने चमकून तिच्याकडे पाहिलं.

फादरांनी नकारार्थी मान हलवली. जड हाताने त्यांनी मोठी वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि मोठीला म्हणाले, "मग बाप्तिस्मा देणारी म्हणून तुझं नाव लिहू ना?"

"आणि माझं?" इतका वेळ झेरॉक्स मशीनची बटणं दाबत असलेला धाकटा एकदम पुढे आला. "सगळं हीच सांगतेय! ओतलं मी!"

"पण म्हटलं मी!"

"ओतायचं काम मोठं असतं!"

"म्हणायचं मोठं असतं! ओतायला काय, कोणीही ओततं!"

"घरी भांडा हां," आई दात आवळून म्हणाली. "इथे एक शब्द..."

"नाही, नाही, इथेच भांडा," फादर म्हणाले. ते उभे राहिले होते. "पाणी कोणी ओतलं?"

"मी!"

"तिन्ही वेळा? हिने कपाला हातही लावला नाही?"

"तिला देणारच नव्हतो."

"आणि शब्द कोणी म्हटले?"

"मी," मोठी म्हणाली. "सगळे मी."

फादर खाली बसले. त्यांचे खांदे हलू लागले. आधी आईला वाटलं शिंक येतेय. पण ते हसत होते. हसता हसता त्यांनी पेनाचं टोपण लावून टाकलं.

"झाला नाही," ते म्हणाले. "बाप्तिस्मा झालाच नाही! जो ओततो त्यानेच म्हणायचं असतं. एकाने ओतलं आणि दुसऱ्याने म्हटलं तर काही होत नाही. नुसतं डोकं धुतलं जातं. पण पोरांनो, बाकी सगळं इतकं अचूक, मग हे असं वाटून का घेतलंत?"

"आईनेच तसं शिकवलं," दोघे एका सुरात म्हणाले.

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बाहुली एक आणि पोरं दोन होती. दोघांनाही सगळं स्वतःच करायचं होतं. मग तिने प्रयोगशाळेतला नियम लावला. तिथे काटा वाचणाऱ्याने आकडा लिहायचा नसतो आणि लिहिणाऱ्याने काटा वाचायचा नसतो. त्यामुळे चूक टळते. "एकाने ओतायचं, एकाने म्हणायचं," ती म्हणाली होती, "आणि मग पाळी बदलायची." भांडण मिटलं होतं आणि पद्धतही तिला फार शास्त्रीय वाटली होती.

"वहिनी," आत्या सावकाश म्हणाली, "म्हणजे तू चुकीचं शिकवलंस?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आईची चूक काढली होती आणि काढणारीच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की आईला रागवावं की काय ते कळेना.

"हो," ती म्हणाली. "चुकीचं शिकवलं."

"देवाची कृपा!" आत्याने तिला मिठीच मारली, मध्ये गोळा असताना. गोळा किंचाळला.

निघताना चपला घालण्यात दहा मिनिटं गेली. आई बाहेर आली तर धाकटा मागेच राहिलेला. काचेतून दिसलं, की तो फादरांच्या बाहीला लोंबकळून काहीतरी विचारत होता आणि फादर वाकून ऐकत होते. पेपरमिंट मागत असणार, आईने ओळखलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा गाल फुगलेलाच होता.

रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आजीचा झगा गोळ्याला दोन बोटं आखूड झाला, पण फोटोत ते दिसणार नव्हतं. आईने निळी साडी नेसली. तिने बाळाचं डोकं पाण्यावर धरलं, फादरांनी हातात पाणी ओतायचा शिंपला घेतला. नाव जाहीर झालं. साठ माणसांनी 'वा' केलं. आणि मग फादर जे म्हणाले, ते एका हाताच्या अंतरावर असलेल्या आईला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी पित्याच्या..."

जर? आईने मान वर केली. फादरांनी तिच्याकडे न पाहता पाणी ओतलं. 'जर' कुठून आलं? शुक्रवारी तर निकाल लागला होता. तपासणी पूर्ण झालेल्या काट्यावर कोणी 'खरा असेल तर खरा' असं लिहितं का? ती सबंध मिस्साभर मेणबत्ती धरून धुमसत राहिली. मेणाचा एक थेंब साडीवर पडला, तोही तिने फादरांच्या खात्यात धरला.

चर्चच्या मागच्या अंगणात टेबलं मांडली होती. लोक केक खात होते. बाळाचं नाव सगळ्यांना फार आवडलं होतं, आणि सगळे त्याला पुन्हा गोळाच म्हणत होते. आईने फादरांना नळाजवळ गाठलं.

"फादर, तुम्ही 'जर' म्हणालात."

"म्हणालो."

"पण आपलं ठरलं होतं. एकाने ओतलं, दुसऱ्याने म्हटलं, म्हणजे झाला नाही. यात 'जर' कुठे बसतं?"

फादरांनी नाक पुसलं. "तुमच्या धाकट्याने मला शुक्रवारी जाताना विचारलं, 'फादर, एकट्यानेच दोन्ही केलं तर चालतं का?'"

आईच्या हातातली केकची बशी कलली.

"इकडे ये," तिने धाकट्याला हाक मारली. "खरं सांग. मी बाल्कनीत होते आणि ताई मला सांगायला आली. तेव्हा तू काय केलंस?"

"माझी म्हणायची पाळी होती," धाकटा म्हणाला. "तूच सांगितलंस ना, मग पाळी बदलायची. पण ताई निघून गेली. मग ओतणार कोण? म्हणून दोन्ही मीच केलं."

"तरीच डोकं परत ओलं होतं!" मोठी म्हणाली.

"सगळे शब्द म्हणालास? शेवटपर्यंत?"

धाकट्याने वर आभाळाकडे पाहिलं, मग केककडे. "पुत्रापर्यंत नक्की."

"आणि पवित्र आत्मा?"

"तेव्हा तू धावत आलीस."

"तू आधी म्हणालास की मी आधी आले?"

"आठवत नाही."

"आठव!"

"शुक्रवारी आणि आज सकाळी मिळून मी सहादा विचारलं," फादर म्हणाले. "तीनदा हो म्हणाला, तीनदा नाही. चर्चने माझ्यासारख्यांसाठीच तो 'जर' ठेवलाय."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याची रविवारपर्यंत तपासणी केली असती," फादर म्हणाले. "पोराला जेवू तरी द्यायचं होतं."

आईने कललेली बशी सरळ केली. तेवढ्यात आत्या गोळ्याला घेऊन आली, हसत, केसांत केकचा चुरा. "वहिनी, आता धर्ममाता झालीस. फादर म्हणाले, याला धर्म शिकवायची जबाबदारी तुझी. शिकवशील ना?" मग जरा थांबून म्हणाली, "फक्त आधी त्याला पळता येऊ दे."

आईला हसू आलं. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच. मोठी मात्र अजून हिशोब लावत होती. "पण आई, मग खरा कुठला? त्याचा की आजचा?"

आईने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग घरच्या वर्गात कधीही न उच्चारलेला शब्द उच्चारला. "माहीत नाही."

"हे बाकी अगदी बरोबर शिकवलंत," फादर म्हणाले.

पलीकडच्या टेबलापाशी बाबा केकचा तिसरा तुकडा एका घासात संपवत होते. तो घशात अडकला. ते खोकले, चेहरा लाल झाला, मग त्यांना जोरात उचकी लागली. एक, दोन, तीन.

मोठीने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने कागदी पेला उचलला आणि नळाखाली धरला.

"थांबा!" आई हात पसरून मध्ये आली. "बाबांचा झालाय! तान्हे होते तेव्हाच झालाय! वहीत नोंद आहे!"

मोठीने शांतपणे विचारलं, "ओतलं कोणी होतं, आणि म्हटलं कोणी होतं?"